पावली कापून

१२ मार्च

ताई,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. परवा दोघंही एकदम ओरडलो आणि दोघांनीही फोन आपटला. आधी कोणी आपटला यावरून आता वेगळं भांडण नको. म्हणून लिहितोय. पत्राला मधेच तोडता येत नाही. नमस्कार शेवटी जागा उरली तर करीन.

तुझ्या इंजेक्टरांनी माझं इंजिन खाल्लं. तेवढंच असतं तर चार शिव्या देऊन मी गप्प बसलो असतो. पण त्या इंजिनामागे साखळीला माझी पोरगी होती.

तू तिकडे शहरात वर्कशॉपच्या पंख्याखाली बसतेस, म्हणून नीट सांगतो. फरशांनी भरलेला एक ट्रक घाटात बंद पडला होता. आम्ही आमच्या गाडीला साखळीनं टोचन लावलं. मागच्या गाडीचं स्टिअरिंग धरायला कोणीतरी जाणता माणूस लागतो, आणि त्या ट्रकचा ड्रायव्हर दरी बघून स्टिअरिंगला हात लावायला तयार नव्हता. त्याला खाली उतरवून भिंगरी बसली. हे ती नेहमी करते, तुला माहीत आहे. शेवटच्या चढावर आलो, ॲक्सिलरेटर पार तळाला होता, आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं. माझ्या गाडीची मागची चाकं धरली, झटका बसला, साखळी तुटली. मागचा ट्रक उलटा निघाला. बंद गाडीचे ब्रेक असून नसल्यासारखे. मी आरशात बघत होतो, ताई. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं.

तिनं ट्रक डोंगराच्या अंगाला घातला. दरीकडे जाऊ दिला नाही, म्हणून आज ती आहे. पण डावा पाय पुढच्या पत्र्यात अडकला आणि दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन झालं. पायात सळई घातली आहे. पुढे काय, ते डॉक्टर बोलत नाहीत. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. पुढच्या वर्षी गाडी तिच्या हातात देऊन मी बाजूला बसणार होतो. आता ती पलंगावर छताकडे बघत पडली आहे आणि मला एकच विचारते, 'बाबा, मी क्लच दाबू शकेन ना?'

उत्तर तू दे. इंजेक्टर तुझे होते.

— फुग्या


१७ मार्च

फुग्या,

तुला चाळिशी उलटली तरी मी याच नावानं हाक मारते, कारण गाल गेले पण फुगणं राहिलं.

आधी भिंगरीचं. डॉक्टर बोलत नाहीत म्हणजे काय? तू विचारतोस का, की तिथेही दारात उभा राहून स्वतःच बोलतोस? मी निघते म्हटलं तर फोनवर ओरडलास, 'तोंड दाखवू नकोस.' ठीक आहे, नाही दाखवत. पण ती माझीही भाची आहे. दोन वर्षांची होती तेव्हापासून माझ्या बेंचवर चढून इंजेक्टरांच्या फवाऱ्यात बोटं घालायची. एका जागी बसायची नाही, म्हणून भिंगरी हे नाव मीच ठेवलं. तिला पलंगावर पडलेली मला डोळ्यांपुढे आणता येत नाही.

आता इंजिन. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, ही तुझी जुनी खोड. तू जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचा माणूस, म्हणून पुन्हा सांगते. इंजेक्टर हा साधा नळ आहे. मिनिटाला किती पेट्रोल सोडतो ते ठरलेलं असतं आणि त्याच्या अंगावर छापलेलं असतं. एका हॉर्सपॉवरला मिनिटाला सव्वापाच सीसी लागतं. एकूण लागेल ते सहा सिलिंडरांत वाटायचं. आणि नळाच्या ताकदीतले शंभरातले ऐंशीच वापरायचे, वीस त्याला दम खायला सोडायचे. झाला हिशोब. तो मी झोपेतही करते आणि त्यात चुकत नाही.

'मग मोठेच द्यायचे होतेस,' असं तू फोनवर म्हणालास. मोठे दिले की गाडी उभी असताना इंजिनात पेट्रोल सांडतं, प्लग काळे पडतात, आतल्या भिंतींवरचं तेल धुऊन निघतं आणि रिंगा झिजतात. मग त्याबद्दलही तू मलाच पत्र लिहिलं असतंस.

तुझा फिल्टर बघितलास का? तुझ्याकडचा फिल्टर म्हणजे चहाच्या गाळणीपेक्षा वाईट. पंपाचा दाब मोजलास? इंजिनला झेपेल त्याच्या दुप्पट ओझं ओढलंस का? तेही तू करतोस. नाचता येईना, अंगण वाकडं.

सगळे इंजेक्टर आणि जळलेला पिस्टन मला पाठव. बेंचवर लावून बघते आणि मग बोलते.

— ताई


२३ मार्च

ताई,

पार्सल पाठवलं. पिस्टन फडक्यात गुंडाळलाय, तो आधी उघड. डोक्याला भोक पडलंय, मेण वितळावं तसं. अशी भोकं कशानं पडतात हे कार्बोरेटरच्या माणसालाही कळतं. पेट्रोल कमी पडलं आणि आग आवरली नाही.

फिल्टर नवा होता. पंपाचा दाब मी नाही, पलीकडच्या गॅरेजवाल्यानं मोजला, कारण मला माहीत होतं तू काय म्हणशील. दाब ठीक आहे. ओझं नेहमीचंच होतं. आणि इंजिन कसलीही खूण न देता बसलं, हेही लिहून ठेव.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. या वेळी मी सगळं रीतसर केलं होतं. भिंगरीनं हट्टच धरला, 'बाबा, अंदाजे नाही, मोजून.' तुझे इंजेक्टर मागवायच्या आधी गाडी ताकद मोजायच्या रोलरवर चढवली. काटा दोनशे चाळीसला थांबला. मी बघितला, तिनं बघितला, रोलरवाल्यानं बघितला. दोनशे चाळीस म्हणून मी तुला कळवलं. आयुष्यात एकदा मोजून मापून काम केलं आणि एकदाच इंजिन जळलं. आधीची पंचवीस वर्षं अंदाजपंचे चाललं तर काही झालं नाही.

भिंगरीला काल उठवून बसवलं. ओरडली नाही, ओठ चावला. तुझी भावजय बाहेर जाऊन रडून आली. मी खिडकीशी उभा होतो. डॉक्टरांना विचारतो, आणि ऐकूनही घेतो. ते म्हणतात, हाड जुळू दे, मग बघू.

बेंचवर काय दिसलं ते लिही. लपवू नकोस.

— फुग्या


२ एप्रिल

फुग्या,

इंजेक्टर बघितले. फवारा सहाही जणांचा सारखा आहे, गळत कोणी नाही, अडकत कोणी नाही. इंजेक्टरांत दोष नाही.

नवा संच पाठवते आहे. दुसरं इंजिन बसवशील तेव्हा हाच लाव, जुना वापरू नकोस. तो माझ्याकडेच राहू दे.

सध्या काम फार आहे, जास्त लिहीत नाही. भिंगरीला सांभाळा.

— ताई


९ एप्रिल

आत्या,

बाबांना न सांगता लिहिते आहे. ते इंजिन शोधायला बाहेर गेलेत. आई स्वयंपाकघरात आहे.

तुझं पत्र बाबांनी मला वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'बघ, दोष सापडला नाही तरी ताई नवा संच पाठवते. मनातून तिला वाईट वाटलंय.' त्यांचा राग निम्मा उतरला होता. पण मला तू ओळखू आली नाहीस. दोष सापडला नाही तर तू चार पानं भांडतेस. चार ओळींत गप्प बसत नाहीस.

नवा संच उशाशीच ठेवला होता. पडून पडून करायचं काय, म्हणून एक इंजेक्टर हातात घेतला. त्यावर दोनशे साठ छापलंय. जुने मीच बसवले होते, माझ्या हातांना आठवतंय, त्यांवर दोनशे होतं. मग तू लहानपणी शिकवलेला हिशोब उलटा केला. दोनशेचे सहा, म्हणजे बाराशे. त्यातले ऐंशी टक्के नऊशे साठ. त्याला सव्वापाचनं भागलं. एकशे ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर येते, आत्या. दोनशे चाळीस येत नाही. दोनशे चाळीसला बाराशे साठ लागतं. ते नळ पूर्ण उघडे ठेवले असते, दम खायला काही सोडलंच नसतं, तरी साठ कमी पडले असते.

दोनशे साठचा केला तर जवळजवळ दोनशे चाळीस येते. म्हणजे हिशोब तुला येतो. तू चुकली नाहीस. मग एकशे ऐंशी कुठून आणलेस?

मला माहीत आहे कुठून. मी याच घरात वाढले. तरीही तू लिही. मला नाही, बाबांना.

आणि एक गोष्ट बाबांनी तुला खोटी लिहिली आहे. इंजिन खूण न देता बसलं नाही. आदल्या दिवशी चढावर ते आतून खडखडत होतं. मी म्हटलं, 'बाबा, आवाज ऐका, पेट्रोल कमी पडतंय, आपण थांबू.' ते म्हणाले, 'ताईनं हिशोब केलाय. ताईचा हिशोब चुकत नाही. तुझ्या कानात काहीतरी झालंय.' मी गप्प बसले. त्याचा मला स्वतःचाच राग येतो, आणि बाबांचा येतो, आणि आज सगळ्यात जास्त तुझा.

पत्र पोचल्याचं मला कळवू नकोस. बाबांना लिही.

— भिंगरी


१५ एप्रिल

फुग्या,

बसून वाच. घरात दुसरं कोणी नसेल तर बरं.

तू दोनशे चाळीस सांगितलंस. मी एकशे ऐंशी धरलं. तुझ्या आकड्यातून मी पावली कापली.

तुला नव्यानं सांगायला नको. आप्पांपासून आपल्या घरात तुझ्या बोलण्यातून पावली कापायची पद्धत आहे, रुपयात चार आणे. तू म्हणालास चार मित्र जेवायला येतायत, की आप्पा म्हणायचे, तीन ताटं मांडा. परीक्षेत ऐंशी म्हणालास तर साठ. विहिरीत वीस फूट बुडी मारली म्हणालास तर पंधरा, आणि तेही मी काठावरून मोजत होते म्हणून. तू हसायचास, आम्ही हसायचो. मागचं इंजिन तू दोनशेचं सांगितलंस. मी पावली कापून दीडशे हॉर्सपॉवरपुरते इंजेक्टर दिले आणि ते इतकं गोड चाललं की तू मला मिठाई पाठवलीस. तेव्हा मी मनात म्हटलं, या पद्धतीला तोड नाही. या वेळी माझ्या हातानं आपोआप कापलं. तुला विचारावं, हेही सुचलं नाही.

पिस्टन फडक्यातून काढला तेव्हाच मला कळलं होतं. भोक बघितलं आणि तुझा दोनशे चाळीसचा आकडा कानात वाजला. तरी इंजेक्टर बेंचवर लावले. दोष सापडावा म्हणून दोन-दोनदा लावले. सापडला नाही, तर तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. भिंगरीनं पलंगावर पडून हिशोब उलटा केला आणि मला पकडलं. तिनं सांगितलं म्हणून लिहिते आहे. तिनं सांगितलं नसतं तर लिहिलं असतं का, मला माहीत नाही.

आता माझाही राग ऐक, कारण माझं फक्त चुकलं एवढंच नाही. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायची सोय तूच ठेवली नाहीस. रोज लांडगा आला म्हणायचं, आणि ज्या दिवशी खरा येतो त्या दिवशी लोकांनी धावून यावं, अशी अपेक्षा. 'या वेळी रोलरवर मोजलंय' एवढे चार शब्द तू का नाही घातलेस? नुसतं दोनशे चाळीस म्हणालास, त्याच आवाजात, ज्या आवाजात विहिरीचे वीस फूट सांगितलेस. मला वेगळं कसं कळावं? आणि तो खडखडाट. भिंगरीनं तुला थांब म्हटलं होतं. तिचं ऐकायचं सोडून तू माझं ऐकलंस, आणि वर मला लिहिलंस की खूण नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा.

हे सगळं लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत. एकच गोष्ट आठवते आहे. एकदा तुझे खरंच चार मित्र आले होते. ताटं तीनच मांडलेली. आप्पांनी स्वतःचं ताट चौथ्यापुढे सरकवलं आणि पाणी पिऊन निजले. पावली कापायची जोखीम त्यांनी स्वतःच्या पोटावर घेतली होती. मी पावली कापली आणि जोखीम तुझ्या पोरीच्या पायावर टाकली. तुझ्यावर कितीही चिडले तरी हे बदलत नाही.

नवा संच लाव. तो तुझ्या आकड्याचा आहे, पूर्ण दोनशे चाळीसचा. मी बसवायला येऊ का? तोंड दाखवू नकोस म्हणालास, ते अजून तसंच आहे का, तेवढं लिही.

— ताई


२४ एप्रिल

ताई,

पत्र दोनदा वाचलं. एकदा एकट्यानं, एकदा भिंगरीपुढे मोठ्यानं. ती म्हणाली, 'बाबा, खडखडाटाचं वगळलंत.' मग तेही वाचलं. हो, आवाज ऐकला होता. तुला खोटं लिहिलं. पोरगी थांबा म्हणत होती आणि मी थांबलो नाही, हे मला शाईनं कागदावर बघायचं नव्हतं.

पण मी का थांबलो नाही, तेही तू समजून घे. जगातल्या सगळ्यांच्या आकड्यांवर मी शंका घेतो. रोलरवाल्याच्या घेतली, त्याला दोनदा मोजायला लावलं. डॉक्टरांच्या घेतो. स्वतःच्या तर घेतोच. एका तुझ्या आकड्यावर मी कधी घेतली नाही. तू माझ्या बोलण्यातून पावली कापत होतीस, आणि मी तुझ्या बोलण्यावर डोळे मिटून पोरीला साखळीच्या त्या टोकाला बसवत होतो. लहानपणी तुम्ही हसायचात तेव्हा मीही हसायचो, खरं आहे. दुसरं काय करायला हवं होतं? जेवणाच्या पंगतीत बापानं तुमची किंमत पाऊण सांगितली, तर पोरगं हसतं. रडलं तर ताटात तीही उरत नाही. आणि एक सांगू? मी फुगवून सांगायचो, कारण पाऊण होऊनच पोचणार हे मला माहीत होतं. साठ गुण पडले की ऐंशी सांगायचे, म्हणजे तुमच्यापर्यंत साठ तरी पोचायचे. सुरुवात माझ्याकडून झाली की आप्पांकडून, हे आता देवाला विचारावं लागेल.

तुझा संच परत पाठवतो आहे. खोका फक्त भिंगरीनं उघडला होता, तेवढाच. दुसरं इंजिन मिळालं. भिंगरीनं कुबड्यांवर उभं राहून ते गाडीत बसवून रोलरवर मोजून घेतलं. काटा पुन्हा दोनशे चाळीसला आला, योगायोगच म्हणायचा. मग मी बाजारात एका अनोळखी दुकानात गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, 'किती हॉर्सपॉवर?' मी म्हटलं, दोनशे चाळीस. त्यानं मान वर केली नाही, हसला नाही. दोनशे चाळीस लिहून घेतलं आणि कपाटातून दोनशे साठचे सहा इंजेक्टर काढून काउंटरवर ठेवले. मी तिथे जरा वेळ उभाच राहिलो. त्याला वाटलं, मला भाव पटला नाही.

गाडी चालू झाली. तोच चढ ओझं लावून चढवला. खडखड नाही.

ये. भिंगरीला बघायला ये, तिला तू हवी आहेस. माझ्याकडे बघायची गरज नाही. इंजिनाला हात लावू नकोस.

काल डॉक्टर शेवटी बोलले. हाड जुळलं, पण डावा पाय पाऊण इंच आखूड राहणार. चालेल, पण लंगडेल. क्लच दाबता येईल, उंच बूट घालून, आणि लांबच्या चढावर पाय भरून येईल तेव्हा थांबावं लागेल. मी तिला सांगितलं. तिनं छताकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'आत्याला बरोबर आकडा लिहा.'

म्हणून लिहितो. पाऊण इंच. हा डॉक्टरांनी टेपनं मोजलाय, मी शेजारी उभा होतो, दोनदा मोजायला लावला. यात माझं काही फुगवलेलं नाही. तुला यातून पावली कापता येत असेल, तर काप.

— तुझा भाऊ